थंडीत गाडी चालवायची तर हातमोजे हँडलवर निवडावेत

जानेवारीतली गोष्ट आहे. नाशिकहून निफाडला कॉलेजवर जाताना चांदोरीच्या अलीकडे मी उसाने भरलेला एक ट्रॅक्टर ओलांडला आणि इंडिकेटर बंद करण्यासाठी डाव्या अंगठ्याने बटण दाबले. बटण दाबले गेले की नाही, हे मला समजले नाही. अंगठा हललेला डोळ्यांना दिसत होता, पण अंगठ्याकडून कसलाच निरोप येत नव्हता. पुढचे दोन-तीन किलोमीटर इंडिकेटर तसाच लुकलुकत राहिला आणि मागचा टेम्पोवाला, मी आता उजवीकडे वळणार या समजुतीने, माझ्यामागे रखडत राहिला. टपरीवर थांबून हातमोजे काढले तेव्हा बोटांची टोके पांढरी पडलेली होती. चहाचा गरम ग्लास दोन्ही तळहातांत धरल्यावर काही वेळाने नखांखाली जी कळ उठली, तिने डोळ्यांत पाणी आणले.

त्या दिवशी माझे हात उघडे नव्हते. जाड, दिसायला दणकट आणि मला तेव्हा महाग वाटलेले हातमोजे मी घातलेले होते. ते असूनही हात बधिर का झाले, या प्रश्नापासून माझा शोध सुरू झाला. पुढच्या पाच हिवाळ्यांत मी चार जोड वापरले, त्यांतले दोन चुकीचे निघाले, आणि हातमोजा कसा पारखायचा हे मला हळूहळू कळत गेले. हिवाळ्यात रोज पहाटे गाडी काढणाऱ्यांना आणि हिमालयात जाण्याची तयारी करणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी थंडीचा हिशेब मांडू. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात येते, आणि त्या दिवसांत द्राक्षबागायतदार बागांमध्ये शेकोट्या पेटवून व पहाटे ठिबकने पाणी सोडून वेली सांभाळत असतात. सहा अंश ही घराच्या ओट्यावर उभे राहणाऱ्यासाठी सोसण्याजोगी थंडी आहे. मात्र गाडीवर वारा आपण स्वतः निर्माण करत असतो. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ पासून वापरात आणलेल्या सूत्राने हिशेब केला, तर सहा अंश तापमानात ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला शून्याच्या किंचित खाली असल्यासारखा लागतो. या सूत्रातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. वेग साठवरून चाळीसवर आणला, तरी फरक जेमतेम एक अंशाचा पडतो. थंडी वाजते म्हणून हळू चालवणारा माणूस प्रत्यक्षात तीच थंडी जास्त वेळ खात असतो. मीही अनेक दिवस तेच करत होतो.

दुसरी गोष्ट शरीराची. धड गार पडू लागले की शरीर हृदय, फुप्फुसे आणि पोटातल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेते. बोटे आधीच बारीक, त्यांच्यात स्नायूंचे प्रमाण नगण्य, आणि आकाराच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा; त्यामुळे रक्त कमी झाले की ती झपाट्याने गार होतात. हातमोजा स्वतः उष्णता तयार करत नाही. रक्ताने बोटांपर्यंत आणलेली ऊब बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम आहे. छातीवरून वारा आरपार जात असेल आणि मान उघडी असेल, तर दहा हजारांचा हातमोजाही रिकाम्या तिजोरीवरच्या पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. जॅकेटच्या आत वारा अडवणारा एक थर आणि गळ्याभोवती मफलर किंवा बफ घालू लागल्यावर माझ्या त्याच जुन्या हातमोज्यांतली बोटे आणखी दहा-बारा किलोमीटर शुद्धीवर राहू लागली. नवे हातमोजे विकत घेण्याआधी हा उपाय प्रत्येकाने करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

माझ्या पहिल्या जोडाची चूक मला चांदोरी फाट्यावर रोज भेटणाऱ्या एका दूधवाल्या काकांनी दाखवून दिली. ते मोटारसायकलला चार कॅन अडकवून पहाटे साडेपाचला निघतात. त्यांच्या हातात हाताने विणलेले, चांगले ढगळ लोकरी हातमोजे आणि त्यांवर तसेच ढगळ रबरी हातमोजे असतात. माझा हात हातात घेऊन त्यांनी बोटांच्या टोकाशी हातमोजा चिमटीत पकडायचा प्रयत्न केला, पण चिमटीत काही येईना.

“सर, हात आवळला की गार पडतो. सैल घ्या.”

एवढेच बोलून ते निघून गेले. त्या सात-आठ शब्दांत हातमोज्याच्या उबेचे सगळे शास्त्र आहे. ऊब कापडात नसते, कापडाने धरून ठेवलेल्या स्थिर हवेत असते. आपल्याकडे गादी दबून बसली की ती थंड लागते आणि मग पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागतो, त्याचे कारण हेच आहे. हातमोज्यातले थिन्सुलेट काय किंवा प्रायमालॉफ्ट काय, हे अतिशय बारीक तंतूंचे पिंजलेले थर आहेत. त्यांतले प्रायमालॉफ्ट तर १९८० च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी, भिजले की निकामी होणाऱ्या पिसांना पर्याय म्हणून तयार झाले. मात्र हातमोजा घट्ट असेल तर हे तंतू आतल्या आत दाबले जातात, त्यांच्यातली हवा निघून जाते, आणि वर बोटांच्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. माझे हातमोजे एक माप लहान होते. दुकानात ते हातात “मस्त बसले” होते आणि मी त्या बसण्यालाच गुण समजलो होतो.

माप घेण्याची पद्धत सोपी आहे. ज्या हाताने आपण लिहितो त्याच्या तळव्याभोवती, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवरून शिंप्याचा टेप फिरवावा आणि तो आकडा त्या त्या कंपनीच्या तक्त्यात पाहावा. एका कंपनीचा लार्ज दुसऱ्या कंपनीचा मीडियम असतो, म्हणून अक्षरावर विसंबू नये. पण तळव्याचा घेर जुळला म्हणजे बोटांची लांबी जुळतेच असे नाही, आणि हिवाळी हातमोज्यात खरा घोटाळा बोटांच्या टोकांशी होतो. हात मोकळा ताठ ठेवून पाहिले तर प्रत्येक हातमोजा बरोबर वाटतो. मूठ वळल्यावर कापड मागे ओढले जाते, टोकाची जागा संपते, आणि नेमक्या ज्या बोटाला सर्वांत जास्त ऊब हवी त्याचे टोक शिवणीवर जाऊन टेकते. म्हणून हातमोजा नेहमी मूठ वळून पाहावा. मूठ वळलेली असताना बोटाच्या टोकापुढे थोडीशी, साधारण दोन-तीन मिलिमीटर, जागा शिल्लक असली पाहिजे. याहून जास्त जागा असेल तर ते रिकामे टोक लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये येते, आणि ते अधिक धोक्याचे आहे.

यावरून मी एक नियम केला आहे, आणि दुकानदार नाराज झाला तरी मी तो मोडत नाही. हातमोजे घालून बाहेर यायचे, स्वतःच्या गाडीवर बसायचे आणि किमान पाच मिनिटे हँडल धरायचे. दोन बोटांनी क्लच दाबायचा. पुढचा ब्रेक चार बोटांनी नव्हे, दोनच बोटांनी ओढून पाहायचा. इंडिकेटर डावीकडे, उजवीकडे, मग मध्ये दाबून बंद. हॉर्न, डिपर, आणि शेवटी खिशातून किल्ली काढून ती पुन्हा कुलपात घालायची. बटण दाबल्याचा “टक्” असा बारीक झटका अंगठ्याला जाणवला नाही, तर तो हातमोजा कितीही उबदार असो, मी परत देतो. आपण बोटे उबदार ठेवतो ती त्यांना वाटावी म्हणून. बधिर बोट आणि जाड कापसात गुंडाळलेले बोट, दोघांनाही लिव्हर सारखाच कळत नाही.

चांगले हिवाळी हातमोजे बनवणारे हे ओळखतात. ते तळहातावर आणि बोटांच्या आतल्या बाजूला उबेचा थर पातळ ठेवतात आणि हाताच्या पाठीवर, जिथे वारा थेट आदळतो, तिथे तो जाड करतात. लेबलवर १०० किंवा १५० ग्रॅम असे जे लिहिलेले असते ते हातमोज्याचे वजन नसते. एक चौरस मीटर थराचे ते वजन असते, आणि पाठ व तळवा यांचे आकडे वेगळे दिले असतील तर तो हातमोजा विचारपूर्वक बनवलेला आहे असे खुशाल समजावे. तळव्याला बकरीचे कातडे असेल तर मी ते पसंत करतो, कारण ते पातळ असूनही घासण्याला चांगला टिकाव धरते. बोटे आधीच थोडी वळवून शिवलेली असावीत, नाही तर मूठ धरून ठेवण्यासाठी स्नायू सतत कापडाशी झगडत राहतात आणि तासाभरात मनगट भरून येते.

आता पाण्याकडे वळू, कारण माझी खरी फजिती पाण्याने केली. नाशिकच्या हिवाळ्यात पाऊस क्वचितच असतो. दव आणि गोदावरीच्या काठचे धुके सोडले तर हातमोजा भिजण्याचे कारण नाही. म्हणून दुसरा जोड घेताना पाकिटावर “वॉटरप्रूफ” लिहिलेले आहे एवढे पाहून मी समाधान मानले आणि तोच जोड घेऊन सप्टेंबरच्या शेवटी मनाली-लेह रस्त्यावर गेलो. केलाँग-जिस्पापर्यंत ऊन होते. दारचा मागे टाकून झिंगझिंगबारच्या वर चढू लागलो तसा पावसात बर्फाचा चुरा मिसळू लागला. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,८९० मीटरवरच्या बारालाचा खिंडीत पोहोचेपर्यंत माझ्या हातमोज्यांत पाणी खळखळत होते, हे मी शब्दशः लिहितो आहे. हात खाली केला की ते बोटांच्या टोकांशी जमा होत असे. उताराला लागल्यावर पुढचा ब्रेक ओढण्यासाठी मला बोटांकडे पाहावे लागत होते. पाहिल्याशिवाय ती लिव्हरवर आहेत की ग्रिपवर, हे कळत नव्हते. पुढच्या तंबूतल्या चहावाल्या ताईंनी माझे हात पाहून आधी भांड्यात कोमट पाणी दिले, आणि माझा सोबती चुलीकडे हात न्यायला निघाला तेव्हा त्याला रागावून मागे ओढले. त्यांचे अगदी बरोबर होते. बधिर बोटांना चटका कळत नाही, आणि अशी बोटे ज्वाळेवर, सायलेन्सरवर किंवा इंजिनवर धरली की कातडी भाजल्याचे नंतर समजते. बोटे चोळूही नयेत. काखेत धरावीत किंवा कोमट पाण्यात ठेवावीत, आणि कळ उठेल ती सोसावी.

ओला हात कोरड्या हातापेक्षा इतका लवकर का गारठतो, याचे कारण सरळ आहे: पाणी स्थिर हवेच्या सुमारे २४ पट वेगाने उष्णता वाहून नेते. तंतूंमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की उबेचा थर उलट बाजूने काम करू लागतो. म्हणून हिमालयात किंवा आंबोलीच्या पावसात “उबदार” आणि “जलरोधक” या दोन वेगळ्या गरजा राहत नाहीत. जलरोधक नसलेला हातमोजा तिथे उबदार राहूच शकत नाही. निफाडच्या कोरड्या थंडीत मात्र त्या दोन गरजा वेगळ्याच आहेत, आणि फक्त वारा अडवणारा साधा हातमोजाही तिथे पुरतो. आपण कुठे जाणार आहोत हे आधी ठरवावे, कारण जलरोधक पडद्याची किंमत पैशांत आणि बोटांच्या संवेदनेत अशी दोन्हीकडे मोजावी लागते.

हा पडदा काय असतो हे समजून घेण्याजोगे आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई हे द्रव्य, जे टेफ्लॉन या नावाने आपल्याला तव्यावरून ठाऊक आहे, तापवून एकदम झटक्याने ताणले, आणि ते न तुटता सूक्ष्म छिद्रांनी भरलेले पातळ पापुद्रे तयार झाले. मूळ गोअर-टेक्स ते हेच. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला शिरू देत नाहीत, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतात. कोरियात तयार होणारे हायपोरा आणि अनेक कंपन्यांचे स्वतःचे पॉलियुरेथेनचे पडदे याच कामासाठी असतात आणि ते स्वस्त पडतात. वाफ बाहेर जाण्यासाठी मात्र आतली हवा बाहेरच्यापेक्षा उष्ण आणि दमट असावी लागते. म्हणून हे पडदे थंडीत उत्तम चालतात आणि कोकणातल्या जुलैमध्ये हात आतून घामाने भिजतात. तो पडद्याचा दोष नाही.

बहुतेक हातमोज्यांत हा पडदा बाहेरच्या कातड्याला जोडलेला नसतो. बाहेरचे कवच, मधली हाताच्या आकाराची पडद्याची पिशवी आणि आतले अस्तर, अशी ती तीन वेगळी हातमोजी एकात एक घातलेली असतात आणि टोकांशी थोडीशी टाचलेली किंवा चिकटवलेली असतात. येथूनच दोन अडचणी उद्भवतात. पहिली, थर एकमेकांवर सरकतात आणि ग्रिपवर मूठ किंचित फिरल्यासारखी वाटते. काही महागड्या हातमोज्यांत पडदा कवचालाच चिकटवून हा दोष घालवलेला असतो, आणि परवडत असेल तर पैसे तिथेच घालावेत असे माझे मत आहे. दुसरी अडचण ज्याने अनुभवली तो विसरणार नाही. ओला हात ओढून काढला की अस्तर उलटून बाहेर येते, बोटे आत राहतात, आणि मग डोंगरातल्या पावसात पाच बोटांचे अस्तर पाच बिळांत परत घालत बसावे लागते. घेताना प्रत्येक बोटाच्या टोकाशी आतले अस्तर चिमटीत धरून हलकेच ओढून पाहावे. ते सरसर बाहेर येत असेल तर तो जोड ठेवून द्यावा. काढतानाही मनगटाकडून न खेचता आधी एकेक बोट टोकाशी धरून थोडे सैल करावे.

पाकिटावरच्या शब्दावर माझा आता विश्वास नाही. “वॉटर रेझिस्टंट” म्हणजे थोडी रिमझिम सोसणारा. “वॉटरप्रूफ” म्हणजे आत पडदा असलेला, असे असायला हवे, पण लेबलवर पडद्याचे नाव किंवा निदान पडदा आहे असा उल्लेख नसेल तर तो शब्द नुसता रंग आहे असे धरावे. मी करतो ती परीक्षा अशी: हातमोज्यात तोंडाने हवा फुंकायची, मनगटाशी पिळून तोंड बंद करायचे आणि फुगलेला हातमोजा गालाजवळ धरून दाबायचा. हवा शिवणीतून फसफसत निघाली तर पाणीही तिथून येईल. विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, परत करण्याची मुदत संपण्याआधी, आत कागदी रुमाल बोटांभोवती गुंडाळून हातमोजा मनगटापर्यंत बादलीत बुडवायचा आणि पाण्यातच दहा मिनिटे मूठ उघडत-मिटत राहायचे. कागद ओला झालेला लगेच दिसतो. घरातल्यांना हा प्रकार विचित्र वाटतो, पण बारालाचाच्या उतारावर जे कळते ते न्हाणीघरात कळलेले बरे.

पडदा शाबूत असूनही हात गार पडू शकतो, हे मला तिसऱ्या जोडाने शिकवले. बाहेरचे कापड पाणी पिऊन जड झाले की ते वाऱ्याने वाळू लागते, आणि वाळताना हातातली ऊब खेचून घेते. माठातले पाणी गार होते त्याच नियमाने. हात कोरडा असतो, पण तो एका ओल्या माठात ठेवलेला असतो. म्हणून बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब अळवाच्या पानावरच्यासारखे घरंगळले पाहिजेत. त्यासाठी कापडावर दिलेला लेप वापराने झिजतो आणि फवारा मिळतो त्याने तो पुन्हा देता येतो. कातडी भागाला त्यासाठीचे मेण किंवा क्रीम वेगळे लावावे लागते. दर हिवाळ्याच्या सुरुवातीला हे काम करण्याला अर्धा तास पुरतो.

कफ जॅकेटच्या बाहीच्या आत असावा की बाहेर, यावर दुचाकीस्वारांत मतभेद आहेत. कोरड्या थंडीत मी लांब कफ बाहीवर ओढतो, कारण वारा बाहीतून कोपरापर्यंत शिरत नाही. पावसात मात्र बाही कफाच्या वर घेतो, कारण बाहीवरून ओघळलेले पाणी कफाच्या तोंडातून सरळ आत जाते आणि मग आतला पडदा त्या पाण्याला बाहेरही जाऊ देत नाही. ज्यांच्या गाडीचे हँडल उंच आहे आणि हात कोपरापेक्षा वर राहतात त्यांचा अनुभव याच्या उलट असू शकतो. म्हणूनच घेताना जॅकेट घालून जावे आणि दोन्ही प्रकारे बसते का ते पाहावे. डाव्या अंगठ्यावर किंवा तर्जनीवर व्हायझर पुसण्याची रबरी पट्टी असेल तर ती जरूर घ्यावी. ही लहानशी पट्टी धुक्यात डोळ्यांइतकी मोलाची ठरते.

संरक्षणाबद्दल थोडेच लिहितो, पण ते वगळणार नाही. पडताना माणूस हात पुढे करतो, आणि हिवाळी हातमोज्यांत ऊबच पाहिली गेली तर सांध्यांवरचे कवच आणि तळव्याच्या टाचेवरची सरकणारी पट्टी राहून जाते. युरोपातील ईएन १३५९४ हे मानक दुचाकीच्या हातमोज्यांसाठी आहे. त्यात पातळी १ आणि पातळी २ असे दोन दर्जे असतात, आणि सांध्यांच्या कवचाची चाचणी झाली असेल तर लेबलवर केपी ही अक्षरे असतात. लेबलवर मोटारसायकलीचे छोटे चित्र आणि हा क्रमांक शोधावा. या शिक्क्यावरून हातमोजा पाण्यात टिकेल की नाही हे कळत नाही, तेवढे ध्यानात असू द्यावे. बर्फावर घसरण्याच्या खेळाचे हातमोजे उबदारही असतात आणि स्वस्तही मिळतात, पण डांबरावर घासण्यासाठी ते बनवलेले नसतात. मी ते वापरत नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही वापरू देत नाही.

एक मत मी ठामपणे मांडतो: रोज तासाभराच्या अंतरासाठी अतिजाड हातमोजा घेण्यापेक्षा मध्यम हातमोजा आणि हँडलला हँडगार्ड हा मार्ग चांगला. हँडगार्डचे प्लॅस्टिक वारा बोटांच्या पुढेच अडवते, आणि बोटांची संवेदना जशीच्या तशी राहते. माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीला ते बसवले त्या आठवड्यात मला तोच रस्ता वेगळा वाटला. उत्तर भारतात पुष्कळ जण हँडलवर मोठे कापडी कव्हर बसवतात आणि त्यात हात घालतात. ऊब त्यांत भरपूर मिळते, पण हात पटकन बाहेर काढता आणि परत घालता येतो का, आणि आतले कापड ब्रेकच्या लिव्हरला अडकत तर नाही ना, हे उभ्या गाडीवर दहा वेळा करून पाहिल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. विजेवर तापणारे हातमोजे गाडीच्या बॅटरीला जोडले तर दोन्ही मिळून साधारण वीस-पंचवीस वॅट घेतात. लहान गाडीवर जादा दिवे आधीच लावलेले असतील तर आधी मेकॅनिकला विचारावे. ज्यांची बोटे थोड्याशा गारठ्यातही एकदम पांढरी, मग निळी पडतात, त्यांनी मात्र हातमोज्यांच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे, कारण तो रक्तवाहिन्यांचा विकार असू शकतो आणि त्यावर जाड अस्तर हा उपाय नाही.

भिजलेले हातमोजे सावलीत, बोटे वर करून, वाऱ्यावर वाळवावेत. आत वर्तमानपत्राचे सैल बोळे घालावेत आणि ते दोन-तीन वेळा बदलावेत. शेगडीजवळ किंवा हीटरवर ठेवले तर कातडे कडक होते, पडद्याची चिकटवणी सुटते, आणि मग तो हातमोजा पुन्हा कधीच हाताशी नीट वळत नाही.

माझा सध्याचा चौथा जोड तीन हिवाळे टिकला आहे. यंदा दिवाळीनंतर त्याच्या डाव्या तर्जनीवर, क्लच जिथे घासतो तिथे, कातडे विरलेले दिसले. कॉलेजच्या रस्त्यावर चप्पल-बूट शिवणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे तो घेऊन गेलो. त्यांनी हातमोजा हातात घेतला, बोट आत घालून अस्तर चाचपले, आणि आरी परत पेटीत ठेवली.

“सर, आत पिशवी आहे. सुई घातली तर फुटेल. चिकटवून देऊ?”

पडदा, त्याची छिद्रे, पीटीएफई यांबद्दल त्यांनी कुठे वाचलेले नव्हते; बोटाला जे लागले त्यावरून त्यांनी ओळखले होते. त्यांनी पातळ कातड्याचा नखाएवढा तुकडा कडेने तासून घेतला, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावले, ते सुकेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या चपलेचा अंगठा शिवला, आणि मग तुकडा बसवून हातोडीच्या दांड्याने सावकाश दाबला. घरी आल्यावर मी कागदी रुमाल गुंडाळून हात बादलीत बुडवला आणि दहा मिनिटे मूठ उघडत-मिटत राहिलो. कागद कोरडा निघाला.